रूळ वाचणारा प्रवासी

थंडीचे दिवस. सकाळी सातची वेळ. दुर्ग स्टेशनच्या फलाटावर मफलर गुंडाळलेला, साठी उलटलेला एक गृहस्थ डोळ्यांना छोटी दुर्बीण लावून समोरच्या रुळांकडे टक लावून पाहत उभा आहे. हे दृश्य पाहून रेल्वे पोलिसाला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. दुर्बीण आकाशाकडे असती तर पक्षी पाहणारा कोणी म्हणून त्याने सोडून दिले असते. रुळांकडे दुर्बीण म्हटल्यावर तो काठी हलवत जवळ आला आणि म्हणाला, "का खोजत हव, कका?" म्हणजे, काय शोधताय काका?

"तारीख," मी म्हणालो.

त्याचा चेहरा आणखी गंभीर झाला. मग मी दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि पलीकडच्या रुळाच्या मधल्या पट्टीवर कुठे पाहायचे ते दाखवले. बराच वेळ त्याला काही दिसेना. मग एकदम म्हणाला, "हां, काहीतरी लिहिलंय. एक्स, आय... आणि शून्य चार." मी सांगितले, रोमन अकरा म्हणजे नोव्हेंबर, आणि शून्य चार म्हणजे २००४. हा रूळ नोव्हेंबर २००४ मध्ये आपल्या भिलाईत जन्मला. तो खुशीत हसला. त्याच साली त्याचे लग्न झाले होते. नंतर त्याने मला चहा पाजला, आणि जाताजाता बजावलेही, "कका, नीचे मत उतरना."

ते मला सांगायची गरज नव्हती. रुळांवर उतरणे हा गुन्हा आहे आणि शुद्ध मूर्खपणाही. माझा सारा छंद फलाटावरून, पादचारी पुलावरून आणि डब्याच्या खिडकीतूनच चालतो.

हा छंद मला लागला तो गावामुळे. मी मूळचा वर्ध्याचा. १९८३ साली भिलाई पोलाद कारखान्यात लेखा विभागात लागलो आणि २०१८ साली तिथूनच निवृत्त झालो. पस्तीस वर्षांत मी स्वतः लोखंडाचा एक तुकडाही वितळवला नाही, फक्त आकडे जुळवले. पण पाहुणे आले की विचारणार, "तुम्ही काय बनवता?" मी म्हणायचो, "रूळ." आणि मनात थोडे ओशाळायचो. शेवटी ठरवले, बनवत नाही तर नाही, निदान वाचायला तरी शिकू.

रुळाचा वरचा जाड भाग म्हणजे त्याचे डोके, खालचा रुंद भाग म्हणजे पाय आणि या दोहोंमधली उभी पातळ पट्टी म्हणजे पोट. रूळ तापलेला असतानाच या पोटाच्या एका बाजूवर ठरावीक अंतराने उठावदार अक्षरे उमटवतात. त्यात रुळाचे वजन, पोलादाची प्रत, बनवणाऱ्याची खूण, रोमन आकड्यात महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. ६० किलोचा रूळ म्हणजे मीटरला ६० किलो वजनाचा. अक्षरे एकाच बाजूला असल्यामुळे निम्मे रूळ आपल्याकडे पाठ करूनच बसलेले असतात. उरलेल्यांवर धूळ, तेल आणि प्रवाशांनी टाकलेले काय काय. पंधरा-वीस रूळ पाहावेत तेव्हा एखादा धड वाचता येतो. पण तो वाचला की जो आनंद होतो, तो तिकिटे जमवणाऱ्यांनाच कळेल.

जुन्या लहान स्टेशनांवर तर मोठे घबाड सापडते. रेल्वेत काहीही वाया जात नाही. म्हातारे रूळ उभे पुरून त्यांचे कुंपणाचे आणि छपराचे खांब करतात. रंगाच्या दहा थरांखाली विलायती कारखान्याचे नाव आणि एकोणिसाव्या शतकातले साल हाताला लागते, तेव्हा आपण एखाद्या पणजोबांच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे वाटते.

पोलादाचे गाव

भिलाई पाहायला मुद्दाम कोणी येत नाही. हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत रात्री अर्धवट झोपेत खिडकीबाहेर आकाश तांबूस दिसते, कोणीतरी म्हणते, "भिलाई आलं," आणि पुन्हा झोपी जाते. पण एकदा उतरून पाहावे असे हे गाव आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी रुळांची गिरणी चालू झाली. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. छत्तीसगड राज्य झाले ते १ नोव्हेंबर २००० रोजी. खनिज येते दल्ली-राजहराच्या डोंगरांतून, चुनखडी जवळच्या नंदिनीहून. आणि माणसे आली साऱ्या देशातून. आमच्या सेक्टरमधल्या एका गल्लीत मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, बिहारी आणि आम्ही वऱ्हाडी अशी घरे होती. ओणमचे पायसम आणि आमच्या पुरणपोळ्या एकाच कुंपणावरून इकडून तिकडे जात. मी आलो तेव्हाही रशियन तज्ज्ञ गावात होते. बाजारातले भाजीवाले त्यांच्याशी मोडक्या रशियनमध्ये बिनधास्त घासाघीस करत. आमच्या सौ.ना पाच वर्षे हिंदीत भाव करता आला नाही, याची त्या भाजीवाल्यांनी तिला पुष्कळदा आठवण करून दिली.

रस्ते सरळ आणि रुंद, दोन्ही बाजूंना झाडे, आणि सेक्टरांना नावे नाहीत, नुसते आकडे. मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभारलेली मैत्रीबाग आहे, तिथले पांढरे वाघ पाहायला लांबून शाळांच्या सहली येतात. सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांसाठी नावाजलेले आहे. पोलादाच्या गावाला असा विभाग का लागतो, ते वेगळे सांगायला नको. आणि पंडवानीच्या तीजनबाई! जवळच्याच गनियारी गावच्या या बाई आमच्याच कारखान्यात नोकरीला होत्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा साऱ्या गावाला आपल्या घरातच किताब आल्यासारखे झाले होते.

मराठी माणसाला हा मुलूख परकाही नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. शेजारच्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, पण कवी झाले हिंदीचे. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीतच लिहीत राहिले. एका घराने दोन भाषांना दोन कवी द्यावेत, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

रूळ बनताना मी एकदाच पाहिला, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. लालभडक पोलादाचा जाडजूड ठोकळा रुळांच्या साच्यांतून, म्हणजे मोठमोठ्या लाटण्यांमधून, पुढे-मागे जातो आणि दर फेरीत बारीक व लांब होत जातो. शेवटी तो तांबडा साप सळसळत समोरून गेला तेव्हा दूर उभे राहूनही चेहरा भाजून निघाला. तेव्हाचे रूळ १३ मीटरचे असत. आता नव्या गिरणीत एकसंध १३० मीटरचा रूळ निघतो, आणि असे दोन जोडून २६० मीटरची लांबच लांब पट्टी खास गाडीवरून रवाना होते. ६० किलोच्या रुळाचा हिशेब केला, तर एका पट्टीचे वजन साडेपंधरा टनांच्या वर जाते. लेखा विभागातला माणूस असा हिशेब केल्याशिवाय राहत नाही.

या प्रगतीत एक गोष्ट गेली. ती म्हणजे गाडीचा खडक्-खडक् ताल. दोन रुळांच्या सांध्यावरून चाक गेले की तो आवाज येई. १३ मीटरचे रूळ असले तर ४७ सेकंदांत जितके खडके मोजाल, तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये, असे साधे गणित होते. मुलांना मी गाडीत हाच खेळ लावून द्यायचो. आता सांधेच नाहीत, त्यामुळे गाडी घसरगुंडीसारखी जाते आणि मुले मोबाइल पाहतात. माझ्या मनगटावर मात्र ४७ सेकंदांची सवय कायम राहिली. तिने पुढे मला चांगलेच गोत्यात आणले.

जिथे रूळ नाहीत

चिरंजीव ठाण्याला नोकरीला. एरवी आम्ही दुर्गहून रात्रीच्या गाडीने जायचो. २०१९ च्या नोव्हेंबरात त्याने न विचारता विमानाची तिकिटे पाठवली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माझा पहिला विमानप्रवास. मी वरून म्हणालो, "कशाला खर्च?" पण आतली गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. ज्या वाहनाच्या खाली रूळ नाही त्याच्यावर भिलाईकराने विश्वास तरी कसा ठेवावा?

रायपूरचा विमानतळ भिलाईहून सुमारे ४५-५० किलोमीटरवर, माना इथे. २०१२ पासून त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. इमारत प्रशस्त, स्वच्छ. सौ.ने डब्यात बांधलेले धपाटे सुरक्षा तपासणीतून सुखरूप पार पडले. तिळाच्या चटणीची बाटली मात्र दोनदा यंत्रातून फिरवली गेली.

मन जरा स्थिरावते आहे तोच विमानाच्या खिडकीतून ते दिसले. धावपट्टीपासून दूर बाजूला एक मोठे, मळकट विमान एकटेच उभे होते. शेजारच्या प्रवाशाने आपणहून माहिती पुरवली. ७ ऑगस्ट २०१५ रोजी बांगलादेशातल्या एका कंपनीचे हे विमान ढाक्याहून मस्कतला चालले होते. आकाशात त्याचे एक इंजिन बंद पडले आणि ते रायपूरला तातडीने उतरवले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे होती, सगळी सुखरूप. माणसे गेली, विमान मात्र जे राहिले ते राहिलेच. वर्षानुवर्षे त्याच्या उभे राहण्याच्या भाड्याचा आकडा फुगत गेला.

"बघा, एक इंजिन बंद पडलं तरी उतरतंच की," तो गृहस्थ धीर देत म्हणाला. मी फक्त "एक इंजिन बंद पडलं" एवढेच ऐकले.

विमान वर चढले. कानांत दडे बसले. खाली शेतांचे चौकोन, मग एक बारीक काळी रेघ दिसली. ती आपली हावडा-मुंबई लाइनच असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि ढगांनी ती पुसली. मोजायला काहीच उरले नाही. खडके नाहीत, खांब नाहीत, स्टेशने नाहीत. हात आपोआप दुसऱ्या मनगटावर गेला आणि मी नाडी मोजू लागलो. ४७ सेकंदांत ८६! आधी बरे वाटले, ८६ म्हणजे ठीकच. मग लक्षात आले, हे मिनिटाचे नव्हेत. गुणाकार केला, ११० आले. गुणाकाराने घाबरलो, म्हणून पुन्हा मोजली, तर १२० च्या वर. छातीत आवळल्यासारखे झाले, हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. सौ.ने वरचे बटण दाबले.

हवाई सुंदरी धावत आली, तिने कॉलर सैल करायला लावली, मुखवटा लावून प्राणवायू दिला आणि हळूहळू श्वास सोडायला सांगितला. "कोणी डॉक्टर आहेत का?" अशी घोषणा झाली. तीन ओळी मागून एक डॉक्टर आले, तर ते निघाले दातांचे. तरी त्यांनी प्रेमाने माझा हात धरून ठेवला. मुंबईला सगळे प्रवासी बसून राहिले आणि मी चाकांच्या खुर्चीतून सर्वांच्या आधी उतरलो. विमानतळावरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. स्वच्छ! रक्तदाब थोडा वर, बाकी सारे ठीक. भीतीने श्वास भराभर घेतला की असेच होते, मुंग्याही त्यामुळेच येतात, असे त्यांनी समजावले. कानांच्या दड्यांसाठी गोळी चघळायची किंवा आवंढे गिळायचे, एवढा साधा उपायही सांगितला.

चिरंजीवांनी घरी पोहोचल्यावर फक्त एक शब्द उच्चारला, "गॅस." तो शब्द पुढे तीन वर्षे आमच्या घरात टिकला. फोनवर मुलगी विचारी, "बाबांचा गॅस काय म्हणतो?" नातेवाइकांच्या लग्नात माझी ओळख "विमान रिकामं करवणारे काका" अशी करून दिली जाई. मीही हसत असे. हसण्यावारी नेलेली गोष्ट किती महागात पडते, हे मला माहीत नव्हते.

गोंदिया ते दुर्ग

जानेवारी २०२३. भाचीचे लग्न गोंदियाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मेमू लोकलने आम्ही परत निघालो. अंतर सुमारे १३४ किलोमीटर, आणि माझ्या मते या साऱ्या लाइनीवरचा हा सर्वांत देखणा तुकडा. या मार्गाचा इतिहासही मोठा आहे. १८७८ च्या दुष्काळानंतर धान्याच्या या प्रदेशाला जोडण्यासाठी नागपूरहून राजनांदगावपर्यंत आधी मीटर गेज रेल्वे आली. ती १८८२ पर्यंत पुरी झाली. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि रुंद केली. आमगाव, सालेकसा, मग दरेकसा. इथे जंगल आणि डोंगर रुळांच्या अगदी अंगावर येतात. जवळच कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची फार मोठी यात्रा भरते. दरेकसा महाराष्ट्राचे शेवटचे स्टेशन. पुढे बोरतलाव आले की छत्तीसगड. मग पनियाजोब आणि डोंगरगड. गाडीतूनच बमलेश्वरीचा डोंगर दिसतो. वर जायला हजारावर पायऱ्या आहेत, आणि ज्यांच्या गुडघ्यांनी संप केला आहे त्यांच्यासाठी रोपवे.

गोंदियाला गाडीत चढण्याआधी मी नेहमीप्रमाणे फलाटाच्या टोकाला एक रूळ वाचायला वाकलो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. छातीच्या मधोमध कोणी विटा रचून ठेवल्यासारखे जड झाले. डावा खांदा आणि जबडा दुखू लागला. इतक्या थंडीत मफलर घामाने भिजला. मनात पहिला विचार कोणता आला असेल? "गॅस." लग्नाचे जेवण, रात्रीचे जागरण, सकाळचा आलूबोंडा. दुसरा विचार त्याहून वाईट होता. आता जर बोललो, तर पुन्हा सगळे हसणार.

म्हणून मी गप्प बसलो. खिडकी मिळाली होती. आमगाव गेले, सालेकसा गेले. दुखणे कमी व्हायचे, पुन्हा यायचे. सौ. समोर बसून लग्नातल्या साड्यांचा आढावा घेत होती. मी "हो, हो" म्हणत होतो. दरेकसाच्या जंगलात एकदा वाटले, सांगावे. तेवढ्यात एक फेरीवाला आला, तिने शेंगदाणे घेतले, आणि वेळ गेली. डोंगरगडला गाडी बरीच थांबली. समोरच्या लाइनीवर नव्याकोऱ्या रुळांची रास पडली होती. काळीभोर, अक्षरे लख्ख.

"अहो, बघा, तुमचे रूळ," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो आणि डोळे मिटून घेतले.

ती एकदम बोलायची थांबली. उठून माझ्या शेजारी येऊन बसली, मफलर चाचपला. "चाळीस वर्षांत तुम्ही रुळाकडे बघितलं नाही, असं कधी झालं नाही," ती म्हणाली. "काय होतंय, खरं सांगा."

मी खरे सांगितले. पुढच्या दहा मिनिटांत माझ्या बायकोने जे केले ते मी फक्त पाहत होतो. गाडी नुकती हलली होती. तिने डब्यातल्या तरुण मुलांना उठवून मला आडवे केले, एकाला १३९ वर फोन करून गाडी आणि डबा कळवायला लावले. स्वतः आमच्या शेजारच्या मल्याळी ताईंना फोन लावला. त्या निवृत्त परिचारिका. त्यांनी फोनवरच दोन प्रश्न विचारले, "घाम आहे? जबडा दुखतो?" आणि म्हणाल्या, "घरी आणू नका. सरळ दवाखान्यात." राजनांदगावला रेल्वेचे लोक खुर्ची घेऊन उभे होते. तिथून १०८ ची गाडी. ईसीजीचा कागद पाहून तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "दुखायला लागून किती वेळ झाला?" मी गणित केले. दोन तासांहून जास्त. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या भुवया मी अजून विसरलो नाही.

तातडीचे औषधोपचार करून त्यांनी मला रायपूरच्या एका हृदयरोग रुग्णालयात हलवले. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी जवळजवळ बंद झाली होती. मनगटातून नळी घालून ती उघडली आणि एक स्टेंट बसवला. "आणखी काही तास गेले असते तर..." एवढेच बोलून डॉक्टर थांबले. दर मिनिटाला हृदयाचे स्नायू मरत असतात, हे त्यांनी नंतर समजावले. दुखणे छातीतच हवे असे नाही. जबडा, खांदा, पाठ, पोटाचा वरचा भाग, कुठेही येते. बायकांना आणि मधुमेह्यांना तर कधी नुसता थकवा, धाप आणि घाम एवढेच होते. आणि एकदा ईसीजी स्वच्छ आला म्हणजे जन्माची हमी मिळाली, असे मुळीच नाही. मला मात्र तीन वर्षे तसेच वाटत होते.

तिसऱ्या दिवशी इकोची तपासणी झाली. तंत्रज्ञ मुलाने छातीवर गार जेली लावली आणि यंत्राचा दांडा फिरवायला लागला. मी विचारले, "ही जेली कशाला?" तो म्हणाला, "यंत्र आणि कातडीच्या मध्ये हवा राहिली तर ध्वनिलहरी आत जात नाहीत." मी पडल्यापडल्या हसायला लागलो. त्याला वाटले गुदगुल्या झाल्या.

कारण हेच यंत्र मी रुळांवर पाहिले होते! रुळाच्या पोटात केसाएवढी चीर असली तर ती वरून दिसत नाही. म्हणून रेल्वेचे लोक एक छोटी ढकलगाडी रुळावरून नेतात. तिच्यातून माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी रुळात सोडतात, आणि त्या जिथून परततात तिथे दोष. तिथे जेलीऐवजी पाणी सोडत जातात, एवढाच फरक. थंडीत पोलाद आखडते, आतली चीर वाढते, आणि पहाटे एखादा रूळ तुटतो. म्हणून हिवाळ्याच्या रात्री गस्तीची माणसे कंदील-विजेऱ्या घेऊन मैलोन् मैल चालतात. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळाने दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्यानंतर पोलादात विरघळलेल्या हायड्रोजनचा अंशसुद्धा मोजून-मापून घेण्याची कडक अट आली. हा वायू पोलादात राहिला तर आतल्या आत बारीक चिरा पडतात. त्या दिवसांत आमच्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच नव्हता.

मी हे सारे त्या मुलाला सांगितले. त्याने पडदा माझ्याकडे वळवून माझे हृदय मला दाखवले. करड्या रंगाचे, उघडझाप करणारे. एका कोपऱ्यात भिंत जरा आळसावली होती. "हा भाग थोडा दमलाय," तो म्हणाला. "पण चालेल."

आता रोज सकाळ-संध्याकाळ मोजून गोळ्या, रिसालीतल्या घरापासून मैत्रीबागेपर्यंत फिरणे, तळण बंद. आलूबोंड्याची आठवण येते. खाली वाकायला डॉक्टरांची मनाई नाही, बायकोची आहे. मध्ये विमानानेही जाऊन आलो. डॉक्टरांना विचारूनच. त्यांनी सांगितले ते असे: औषधे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीची प्रत जवळ असू द्या, पाणी पीत राहा, अधूनमधून उठून पाय मोकळे करा, आणि विमानतळावर घाईगर्दीने सामान ओढू नका, चाकांची खुर्ची मागायला लाजू नका. त्या प्रवासात मी नाडी मोजली नाही. चिरंजीव न्यायला आला होता. त्याने "गॅस" हा शब्द उच्चारला नाही. गाडीत बसताना त्याने माझी पिशवी हातातून काढून घेतली, आणि गाडी चालू करायच्या आधी थोडा वेळ नुसताच बसून राहिला.

छंद सुटला नाही, पण कामाची वाटणी बदलली आहे. दुर्बीण सौ.कडे, वही माझ्याकडे. ती वाचते, मी लिहितो. तिला रोमन आकड्यांचा राग आहे. सातच्या जागी आठ, नवाच्या जागी अकरा असा तिचा कारभार.

गेल्या महिन्यात दुर्गला नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. तिने पलीकडच्या रुळाकडे दुर्बीण लावली आणि जाहीर केले, "सात, नव्वद."

"नीट बघ. मला इथून आठ वाटतोय."

"तुम्हाला इथून काय दिसतंय? सात आहे."

"दोन काड्या की तीन?"

ती पुन्हा पाहायला लागली. तेवढ्यात त्याच रुळावर हावड्याकडे जाणारी आझाद हिंद धडधडत येऊन उभी राहिली आणि ती जाण्याआधीच आमची गाडी आली. वहीत मी दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत.